मटण स्ट्रीटवरचा चांदीवाला सेठ

चोरबाजारात मटण स्ट्रीटवर एक बिनपाटीचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची बोळकांडी. उभं राहिलं की पोट दुकानात आणि पाठ रस्त्यात. ग्रामोफोनचे कर्णे, जहाजावरचे दिवे आणि सिनेमाची पोस्टरं विकणाऱ्या मोठ्या दुकानांच्या रांगेत ते चटकन दिसत नाही. खूण एकच: दारात एक मोडका लाकडी घोडा आहे, तो गेली पाच वर्षं विकला गेलेला नाही. मालकांना सगळे चाचा म्हणतात. मीही म्हणतो, खरं तर ते माझ्याहून लहानच असतील.

इथे फक्त कागद मिळतो. जुने फोटो, पोस्टकार्डं, लग्नाच्या आमंत्रणपत्रिका, कापडाच्या ताग्यांवरची रंगीत लेबलं, बुडालेल्या कंपन्यांचे शेअर, वकिलांच्या दप्तरातले स्टँपपेपर. सिनेमाचं काही मागितलंत तर चाचा समोरच्या दुकानाकडे बोट दाखवतात. दिवाळीनंतर मी या दुकानातून ४,२०० रुपयांना एक गठ्ठा आणला. ‘अमेरिकेतल्या चांदीवाल्या सेठच्या घरचे फोटो’ म्हणून. आमच्या सकाळच्या फिरण्याच्या कट्ट्यावर मी ते बोलून बसलो, तेव्हापासून दोघांतिघांनी विचारलं, दुकान कसं आहे, जावं का? प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी माझ्याबद्दल थोडं, म्हणजे माझं मत कुठल्या तराजूतून आलंय ते कळेल. फोर्टमधल्या टांकसाळीत, रिझर्व्ह बँकेच्या समोरच्या, मी कस विभागात तेहतीस वर्षं काढली. चांदी आली की तिचा टंच, म्हणजे शुद्धता, काढायची, आकडा लिहायचा, सही करायची. त्या नोकरीने दोन खोडी लागल्या. वस्तू हातात आली की तिचा अंदाजे भार मनात मोजायचा, आणि मग ती उलटी करून बघायची. लग्नाच्या आहेरातलं ताटसुद्धा मी उलटं करून बघतो. सौ. यावरून पस्तीस वर्षं माझी लाज काढते आहे.

तर त्या दिवशी मी गिरगावातून चालत निघालो, दोन टाकीवर चहा घेतला आणि अकराच्या सुमारास दुकानात पोचलो. चाचांनी मला बघितलं आणि मागच्या फळीवरून खाकी कागदात बांधलेला एक गठ्ठा काढला. वर दोन रबरबँड. कागदावर पेन्सिलीने, जुन्या वळणाच्या इंग्रजी अक्षरात लिहिलेलं: ‘मॅके, नेवाडा, सिल्व्हर’.

“साब, आपके लिए रखा है. अमेरिका का चांदी का सेठ. पूरा खानदान है अंदर.”

“आया कहाँ से?”

“ताडदेव. बावाजी का घर खाली हुआ, तीन टेंपो माल निकला. बाकी सब तो काठ का सामान था.”

हे चाचा दर गठ्ठ्याबद्दल सांगतात. त्यांच्या हिशोबाने ताडदेवचे सगळे पारशी एव्हाना चार वेळा तरी घर सोडून गेले आहेत. पण मॅके हे नाव वाचलं आणि माझा हात थांबला. सात हजार मागितले, मी अडीच म्हणालो, ते दुखावले, मी उठायचं सोंग केलं, आणि ४,२०० ला सौदा पटला. गठ्ठा पूर्ण सोडून बघितला नाही. ही माझी चूक. तेहतीस वर्षं ज्याने नमुना घेतल्याशिवाय सही केली नाही, तो माणूस एका नावाला भुलला.

नाव काय साधंसुधं नव्हतं. जॉन विल्यम मॅके, जन्म डब्लिनचा, १८३१ चा. लहानपणीच आईबापांबरोबर न्यूयॉर्कला आला, १८५१ मध्ये सोनं शोधायला कॅलिफोर्नियात गेला, तिथे फारसं हाती लागलं नाही. १८५९ मध्ये नेवाडाच्या डोंगरात कॉमस्टॉक लोड नावाची चांदीची शीर सापडली आणि हा तिकडे पायी पोचला. रोजावर खाणीत काम केलं, मग खाणीत लाकडं बसवायचा ठेका, मग पगाराऐवजी शेअर. बरोबर तिघे आयरिश वंशाचे जोडीदार. त्यातला फेअर खाणीतला जाणकार, आणि फ्लड आणि ओब्रायन हे सॅन फ्रान्सिस्कोत दारूचा गुत्ता चालवता चालवता शेअर घेणारे. १८७३ मध्ये त्यांच्या कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया खाणीत ‘बिग बोनान्झा’ लागला. त्या एका घबाडातून पुढच्या काही वर्षांत दहा कोटी डॉलरच्या वर सोनं-चांदी निघाली. त्या वेळचे दहा कोटी.

आता याचा टांकसाळीशी संबंध काय? तर आमच्या रुपयाचं जे वाटोळं झालं, त्यात या डोंगराचाही हात आहे. जर्मनीने १८७१ पासून चांदी सोडून सोन्याचं नाणं धरलं आणि जुनी चांदी बाजारात विकायला काढली. अमेरिकेने १८७३ च्या कायद्यात चांदीचा डॉलर वगळला. आणि नेमकी तेव्हाच नेवाडातून चांदी अशी निघत होती की विचारू नका. भाव कोसळला. आमचा रुपया चांदीचा, १८० ग्रेनचा, बारा भागांत अकरा भाग शुद्ध. १८७० च्या आसपास त्याला विलायतेत दोन शिलिंगांच्या जवळपास मिळत होते, १८९३ पर्यंत तो सव्वा शिलिंगावर आला. रुपयातली चांदी तेवढीच होती, तिची किंमत गेली होती. विलायतेतले पगार, पेन्शनी, कर्जाचं व्याज हे सगळं पौंडात द्यायचं असल्याने सरकारला तितकेच पौंड भागवायला जास्त रुपये मोजावे लागू लागले, आणि ते आले कुठून हे सांगायला नको. शेवटी २६ जून १८९३ ला हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद झाल्या. त्याआधी कोणीही सराफ चांदीच्या लगडी घेऊन आमच्या दारात यायचा, थोडी घट सोसायची आणि रुपये पाडून घेऊन जायचा. ते दार बंद झालं. कामाला लागल्यावर पहिल्याच वर्षी आमच्या एका वरिष्ठांनी हे मला कसाच्या भट्टीशेजारी उभं करून सांगितलं होतं. त्यांनी ‘कॉमस्टॉक’ हा शब्द शिवी दिल्यासारखा उच्चारला होता.

म्हणून हात थांबला. आता गठ्ठ्यात काय निघालं ते.

घरी जेवणाच्या टेबलावर जुनी चादर घातली, हात धुऊन कोरडे केले आणि रबरबँड काढायला गेलो तर एक हातातच तुटला. चिकट झाला होता. आणि वरच्या फोटोवर जिथे तो बसला होता तिथे बोटभर रुंदीचा पिवळा पट्टा, फिकट, बाईच्या चेहऱ्यावरून तिरका गेलेला. इथे माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार. चाचा, रबरबँड लावू नका! या जुन्या फोटोंचा कागद अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असतो आणि चित्र उमटलेलं असतं ते चांदीचं. नुसतं म्हणायला नाही, खरोखरीची चांदी, अगदी बारीक कणांची. आणि रबरात गंधक असतं. चांदी आणि गंधक शेजारी ठेवले की काय होतं हे ज्या घरात चांदीची वाटी आहे त्या घरात कोणालाही ठाऊक आहे. वाटी काळी पडते, ती पितांबरीने घासता येते. फोटो पिवळा होऊन उडतो, तो कशाने घासणार? मुंबईची दमट हवा आधीच अर्धं काम करून ठेवते.

सौ. चष्मा लावून बसली. “हे कोण? आपल्यातले कोणी नाहीत ना?”

“अमेरिकेतले.”

“मग आपल्या टेबलावर कशाला?”

गठ्ठ्यात एकूण सतरा नग होते. पाच छोटी कार्डं, अडीच इंच बाय चार इंच. हा आकार पॅरिसच्या दिस्देरी नावाच्या फोटोग्राफरने १८५४ मध्ये पेटंट केला आणि पुढे जगभर लोकांनी भेटीला जाताना एकमेकांना फोटो वाटले. (आपली मुंबईही मागे नव्हती. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे १८५४ चीच, आणि भाऊ दाजींचे बंधू डॉ. नारायण दाजी त्याच काळात इथे फोटो काढत होते.) दोन मोठी कॅबिनेट कार्डं. सात स्टिरिओ कार्डं, म्हणजे एकाच देखाव्याचे शेजारी शेजारी दोन फोटो, दुहेरी भिंगातून पाहिले की खोली दिसते. माझे आजोबा त्याला सैरबीन म्हणत. एक शेअर सर्टिफिकेट, एक खाणीतला फोटो आणि एक रिकामं पाकीट.

छोट्या कार्डांत एक मुलगा होता. चारेक वर्षांचा, मखमली कोट, एक हात खुर्चीच्या पाठीवर, चेहरा रडका. मान हलू नये म्हणून पाठीमागे लोखंडी आधार लावत, त्याची पावलं मुलाच्या टाचांमागे दिसतात. कार्डाच्या वर पेन्सिलीने ‘मॅके सन’. चाचांनीही हेच मुद्दाम दाखवलं होतं, “सेठ का बच्चा है, देखो क्या आँखें हैं.” मी सवयीने उलटं केलं.

मागे दोन सेंटचा नारिंगी स्टँप. वॉशिंग्टनचं डोकं, त्यावर शाईची फुली आणि दोन अक्षरं.

हा स्टँप टपालाचा नाही, कराचा आहे. अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, सरकारला पैसा हवा होता, तेव्हा त्यांनी फोटोवर कर बसवला. पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंट, पन्नासपर्यंतच्या फोटोला तीन, डॉलरपर्यंत पाच. स्टुडिओवाल्याने स्टँप डकवायचा आणि पेनाने बाद करायचा. हा कर १८६४ मध्ये सुरू झाला आणि १ ऑगस्ट १८६६ ला उठला. म्हणजे फोटो या दोन वर्षांतला. मॅकेचं लग्न झालं नोव्हेंबर १८६७ मध्ये. थोरला मुलगा विली १८७० चा, धाकटा क्लॅरेन्स १८७४ चा. लग्नाआधीच सेठजींना चार वर्षांचा मुलगा कुठून आला?

सौ. म्हणाली, “असेल बाबा, श्रीमंतांचं काय सांगावं.” पण ते नाही. मॅकेवर कोणी काहीही बोललं असेल, हे बोललेलं नाही. मुलगा दुसऱ्या कोणाचा तरी आहे. पंचवीस सेंटच्या आतला फोटो, म्हणजे घरही फार मोठं नसावं.

तिथून माझा कस सुरू झाला. मोठ्या कॅबिनेट कार्डावर जे मिशीवाले गृहस्थ आहेत ते सेठ म्हणून दिले आहेत. मॅकेचे खरे फोटो आंतरजालावर भरपूर आहेत, शेजारी ठेवून बघितले. मिशी तशीच आहे. पण ती मिशी त्या काळी अर्ध्या अमेरिकेच्या ओठावर होती. कान बघा, कान बदलत नाहीत. या गृहस्थांच्या कानाची पाळी गालाला चिकटलेली आहे, मॅकेची सुटी. बाद.

खाणीतला फोटो तर हातात घेतल्या घेतल्या गेला. जमिनीखाली अंधारात माणूस पहार घेऊन बसलाय, चेहऱ्यावर पांढरा झगझगाट. मूळ फोटो कोणता असावा याचा अंदाज आला. टिमोथी ओसुलिव्हन नावाचा फोटोग्राफर १८६७-६८ च्या हिवाळ्यात कॉमस्टॉकच्या खाणींत उतरला होता आणि त्याने मॅग्नेशियम जाळून उजेड केला होता. जमिनीच्या पोटात काढलेल्या सगळ्यात जुन्या फोटोंत ते मोजतात. पण माझ्या हातातल्या कागदावर दहापटीचं भिंग धरलं आणि ठिपके दिसले, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे, ओळीत. छापील आहे. कुठल्या तरी पुस्तकातून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलंय. चिकटवणारा हात अलीकडचा, फेव्हिकॉलची चकाकी मला ओळखता येते.

हे चाचांनी केलं असं मी म्हणत नाही. गठ्ठे चार हातांतून येतात.

तर खानदान गेलं. उरलं काय? उरलं ते मात्र बावनकशी, आणि त्यासाठी मी हे सगळं लिहितो आहे.

सात स्टिरिओ कार्डांपैकी चार व्हर्जिनिया सिटीची आहेत, म्हणजे कॉमस्टॉकवरचं ते गावच. त्यातल्या एकावर मागे कार्लटन वॉटकिन्सचं नाव आणि ‘न्यू सिरीज’ असे शब्द. नवीन मालिका का, तर वॉटकिन्स हा सॅन फ्रान्सिस्कोचा नामांकित फोटोग्राफर १८७५ च्या सुमारास कर्जात बुडाला. त्याची गॅलरी आणि आधीच्या सगळ्या काचा (तेव्हा निगेटिव्ह काचेवर असत) सावकारांनी घेतल्या आणि टेबर नावाचा दुसरा फोटोग्राफर त्याच काचांवरून स्वतःच्या नावाने प्रती विकू लागला. वॉटकिन्सने पुन्हा पहिल्यापासून फोटो काढायला घेतले आणि त्यांना नवीन मालिका म्हटलं. म्हणजे हे दोन शब्द छापलेलं कार्ड त्याच्या दिवाळ्यानंतरचं. आणि ऑक्टोबर १८७५ मध्ये व्हर्जिनिया सिटीचा बराच भाग आगीत जळाला होता. कार्डावर घरांचं लाकूड नवं, फिकट दिसतं. जळून पुन्हा उभं राहिलेलं गाव, बुडून पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसाने काढलेलं. बिचाऱ्याचं पुढे १९०६ च्या भूकंपातल्या आगीत उरलंसुरलंही गेलं.

या कार्डासमोर मी दोन संध्याकाळी घालवल्या. डोंगर पूर्ण बोडका. एक झाड नाही. खाली गाव, धुराडी, आणि एका गिरणीच्या आवारात लाकडाच्या ओंडक्यांचे ढीग, घरांपेक्षा उंच. भिंग फिरवलं तर ढिगाच्या पायथ्याशी एक घोडागाडी आणि टोपीवाला माणूस, तांदळाच्या दाण्याएवढा. हे लाकूड जळणाला तर लागायचंच, पण मुख्य जायचं खाली. तिथली चांदीची शीर इतकी रुंद आणि माती इतकी भुसभुशीत की साधे खांब टिकेनात. १८६० मध्ये फिलिप डायडेसहायमर नावाच्या जर्मन इंजिनिअरने मधाच्या पोळ्यासारखी चौकटीवर चौकट रचायची पद्धत काढली, आणि मग सिएरा नेवाडाची जंगलं त्या डोंगराच्या पोटात गेली. खाली उकाडा असा की कामगारांना बर्फ पाठवावा लागे. दुसऱ्या कार्डात खाणीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं आहेत, अकरा जण, एकाचीही मान सरळ नाही. त्यांचीं नावं कोणी पेन्सिलीने लिहिलेली नाहीत.

शेअर सर्टिफिकेटही अस्सल. १८७७ चं, सॅन फ्रान्सिस्कोत छापलेलं, पन्नास शेअरचं, डाव्या बाजूला खाणकामगारांचं सुबक चित्र. खाण मॅकेची नाही, शेजारच्या बारक्या खाणींपैकी एक. माझी नजर गेली ती मागच्या बाजूला. तिथे तारखा आणि आकडे पेनाने मांडले आहेत. या शेअरची गंमत अशी की घेऊन सुटका नसे. खाणीला पैसा कमी पडला की कंपनी प्रत्येक शेअरवर वर्गणी लावायची, भरली नाही तर शेअर लिलावात. आपल्या सोसायटीचा दुरुस्ती फंड समजा, फक्त इमारत जमिनीखाली आणि आत काही आहे की नाही कोणालाच ठाऊक नाही. त्या माणसाने सहा वेळा वर्गणी भरली आहे. सातव्या ओळीत नुसती तारीख आहे.

अशा बुडालेल्यांपैकी बरेच जण मॅके आणि मंडळींना शिव्या देत होते. १८९३ मध्ये, आमच्या टांकसाळीचं दार बंद झालं त्याच वर्षी फेब्रुवारीत, सॅन फ्रान्सिस्कोत एका म्हाताऱ्याने भर रस्त्यात मॅकेवर पाठीमागून गोळी झाडली. मॅके वाचला. दोन वर्षांनी थोरला मुलगा विली फ्रान्समध्ये घोड्यावरून पडून गेला. स्वतः मॅके १९०२ मध्ये लंडनला वारला. तोवर त्याने अटलांटिकच्या तळाशी तारांच्या केबल टाकून दुसरा धंदा उभा केला होता, पण ते वेगळं पुराण.

सेठाणीबद्दल मात्र थोडं सांगायलाच हवं, कारण गठ्ठ्यातली ती पिवळ्या पट्ट्याची बाई ‘मिसेस मॅके’ म्हणून विकली गेली आहे. खरी मेरी लुईझ मॅके पहिला नवरा वारल्यावर त्याच खाणीच्या गावात मुलीला घेऊन कसंबसं दिवस काढत होती. मॅकेशी लग्न झालं, घबाड लागलं, न्यूयॉर्कच्या बड्या घरांनी दार उघडलं नाही तशी ती पॅरिसला गेली आणि तिथे मेजवान्या देऊन सगळ्यांच्या नाकावर टिच्चून राहिली. त्या मेजवान्यांसाठी नवऱ्याने स्वतःच्या खाणीतली अर्धा टन चांदी न्यूयॉर्कच्या टिफनी या सराफी पेढीकडे पाठवली. साडेबाराशे नगांचा, चोवीस जणांच्या जेवणाचा संच, १८७८ मध्ये पुरा, पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला. (त्याच साली आमच्याकडे राजाबाई टॉवर पुरा झाला. तोही प्रेमचंद रायचंदांच्या कापसातल्या पैशाचा, आणि तो कापूस महागला होता अमेरिकेतल्याच युद्धामुळे.) संचातला बराच भाग आता रेनोच्या नेवाडा विद्यापीठात आहे. त्या ताटांचे फोटो मी संगणकावर पाहिले. समोरून बघून काय कळणार? उलटं करून कोणी फोटो काढलेला नाही.

पंधरा दिवसांनी दुकानात परत गेलो. भांडायला नव्हे, पण हिशोब सांगायला. मुलाच्या कार्डामागचा स्टँप दाखवला, तारखा सांगितल्या, कानाची पाळी समजावली. चाचांनी सगळं शांतपणे ऐकलं. दोन कटिंग मागवले. मग म्हणाले, “साब, मैंने तो कागज बेचा. नाम तो फ्री में दिया था.”

यावर काय बोलणार! सराफकट्ट्यावर असं उत्तर दिलं असतं तर दुकान बंद पडलं असतं. पण चाचांनी खाणीचा तो छापील फोटो परत घेतला आणि न मागता पाचशे रुपये हातावर ठेवले. “ये वाला गलत है. ये मैंने भी नहीं देखा था.” माल परत न घेण्याचा त्यांचा रिवाज आहे, हे तिथे नेहमी जाणारे सांगतील. म्हणून हे नोंदवून ठेवतो.

आता जायचं तर काय लक्षात ठेवायचं ते सांगतो. शुक्रवारी जाऊ नका, पक्की दुकानं बंद असतात, रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो आणि त्यात पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात जिन्यातलं पाणी दुकानात येतं, तेव्हा माल वरच्या फळीवर जातो आणि चाचा शिडीवर चढायचा कंटाळा करतात. आतला दिवा पिवळा आहे, त्यात प्रत्येक फोटो जुना दिसतो, तेव्हा वस्तू बाहेर उजेडात न्या. ते अडवत नाहीत. दहापटीचं भिंग झवेरी बाजारात दोनतीनशेला मिळतं, ते खिशात असू द्या. गठ्ठा सोडून, नग मोजून, प्रत्येक नग उलटा करून मगच पैसे द्या. वरचं नाव, पेन्सिलीचं किंवा तोंडचं, भावात धरू नका. सुटं स्टिरिओ कार्ड तीनशे ते आठशे सांगतात, अर्ध्यावर येतात. मी सोळा नगांचे ३,७०० दिले असा हिशोब आता बसतो, त्यात वॉटकिन्सचं एक कार्ड आणि तो शेअर धरला तर सौदा माझ्या बाजूने आहे. दुकानाला पाचपैकी साडेतीन देईन. एक गुण रबरबँडचा कापला.

अर्धा गुण कापला तो डिंकाच्या लेबलासाठी. चाचा किंमतीचं लेबल फोटोच्या मागे चिकटवतात, थेट. सेठाणी म्हणून विकलेल्या त्या बाईच्या कार्डावर ते नेमकं स्टुडिओच्या छापील नावावर बसलं आहे. मी ओल्या कापसाने काढायला निघालो होतो. कागदाचं संवर्धन करणाऱ्या ओळखीच्या बाईंना फोन केला, त्यांनी फोनवरच ओरडून थांबवलं. पाणी पुठ्ठ्यात मुरलं की पुठ्ठा फुगतो आणि समोरचा अंड्याचा थर तडकतो. मिथाइल सेल्युलोजचा घट्ट लेप लावून, हळूहळू, तोही सरावलेल्या हाताने, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याकडे एप्रिलपर्यंत वेळ नाही.

तोवर सगळे नग पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटांत घालून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून गोदरेजच्या कपाटात ठेवलेत. ती बाई मात्र कपाटात राहत नाही. सौ.ने तिला बाहेर काढून पाकिटासकट पुस्तकांच्या फळीवर उभं केलं आहे, उन्हापासून लांब, एवढं माझं ऐकून. तिच्या मते ती हुबेहूब आमच्या जुन्या चाळीतल्या नेनेकाकूंसारखी दिसते. तेच आवळलेले ओठ, तीच उजवी भुवई वर. घरात तिला आता नेनेकाकूच म्हणतात. लेबलाच्या कडेने छापील नावाची शेवटची चार अक्षरं दिसतात, इंग्रजीतली, ‘एंटो’ अशी वाचता येतात. सॅक्रामेंटो असावं. एप्रिलमध्ये बघू.